मागाच्या खड्ड्यातली बाटली

सोलापुरात उन्हाळा आधी तळपायांना कळतो. होळी होऊन गेलेली असते, सकाळची हवा अजून बरी असते, आणि एके दिवशी नऊच्या सुमाराला अंगणातल्या शहाबादी फरशीवर अनवाणी पाऊल टाकावं तर ते आपोआप उचललं जातं. यंदाही तसंच झालं. पाऊल उचललं गेलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, आजपासून दुपारचं बाहेर पडायचं नाही." हे गेले त्याला चार महिने होऊन गेले आहेत.

उन्हाची धास्ती मला जन्मापासूनची नाही. मी इथलीच. शुक्रवार पेठेतल्या पत्र्याखाली वाढलेल्या मुलीला ऊन म्हणजे ऊन, त्यात भ्यायचं काय? ही धास्ती माझ्या आयुष्यात शिरली ती एका चैत्रात, सत्तरच्या दशकाच्या मध्याला कधीतरी. आणि शिरली ती एका वाईनच्या बाटलीमागून. आमच्यासारख्या लिंगायत घरातल्या, मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईनं हे लिहावं हे जरा विचित्र दिसेल. पण झालं तसं खरं.

माझा धाकटा भाऊ मल्ली जहाजावर होता. वर्षा-दीड वर्षानं सुट्टीवर यायचा आणि कुणासाठी साबण, कुणासाठी पेन असं काहीबाही आणायचा. त्या फाल्गुनात त्यानं यांच्यासाठी एक जाड काचेची हिरवी बाटली आणली. बुचावर तारेची जाळी, त्यावर सोनेरी कागद. ट्रंकेतल्या शर्टांमध्ये गुंडाळून आणलेली ती वस्तू त्यानं लहान मूल ठेवावं तशी खाटेवर आडवी ठेवली.

"दाजी, ही स्पेनची. फेसाची वाईन."

"म्हणजे शॅम्पेन?" यांनी विचारलं.

"शॅम्पेन म्हणायचं नाही. ते फ्रान्सचं नाव, आणि त्या नावाचीच किंमत असते. रीत तीच, बाटलीतल्या बाटलीत दुसऱ्यांदा आंबवायची. पण ही तिथल्या गिरणीतली माणसं रविवारी जेवताना घेतात. मला परवडली, यातच काय ते समजा."

"गिरणीतली माणसं घेतात ना," हे म्हणाले, "मग आपलीच."

हे एका कापडगिरणीच्या रंगखात्यात रसायनतज्ज्ञ होते. दारूचा थेंब कधी घेतला नव्हता, आणि त्याचं कारण धर्म किंवा नेम असं काही नव्हतं. कधी कुणी बरी वस्तू समोर ठेवली नव्हती, एवढंच. त्यांना त्या बाटलीचं अप्रूप वाटलं ते त्या रीतीचं. आत अडकलेला वायू, त्याचा दाब, काचेची जाडी. मल्ली म्हणाला, "मोटारीच्या चाकात असतो त्याच्यापेक्षा जास्त दाब आहे हं आत. गारव्यात ठेवा, आडवी ठेवा. उन्हाळ्यात फुटायची नाहीतर." हे ऐकून यांचे डोळे चमकले आणि मी खाटेपासून दोन पावलं मागं सरकले. माणसामाणसांतला फरक असाही कळतो.

घरात सासूबाई. त्यांना आम्ही अव्वा म्हणायचो. गळ्यात लिंग, सोमवारी स्वयंपाकात कांदासुद्धा नाही. त्यांच्यापासून बाटली लपवणं भाग होतं. सरकारपासून लपवायला मात्र हे तयार होईनात. त्या काळी दारू जवळ ठेवायला परवाना लागायचा. गावात कितीजण तो काढत होते ते गावाला ठाऊक होतं. मल्ली हसून लोळायचा बाकी होता. "एका बाटलीसाठी परवाना? दाजी, पुस्तकात वाचून जगता की काय तुम्ही?" हे म्हणाले, "चोरून प्यायची तर तिची चव कळणार कशी? अर्धं लक्ष दाराकडे."

मल्ली जहाजावर परत गेला आणि हे दारूबंदीच्या कचेरीत गेले. तिथला कारकून आणि हे यांच्यात झालेलं बोलणं यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी तिथं हजर होते असंच आता वाटतं.

"वय?"

"सदतीस."

"चाळीसच्या आत आहात. मग डॉक्टरांचा दाखला लागेल."

"कसला?"

"तब्येत टिकवायला दारू जरुरीची आहे, असा."

"पण तशी जरूर नाही."

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "मग परवाना कशाला पाहिजे, साहेब?"

आमचे डॉक्टर यांचे शाळासोबती. त्यांनी दाखला हसतहसत लिहिला, सही केली, शिक्का मारला. मग म्हणाले, "अरे, निदान छातीला नळी तरी लावतो. सही खोटी नको." यांनी सदऱ्याची बटणं सोडली. डॉक्टर काहीतरी विनोद सांगत होते तो मध्येच थांबला. नळी डावीकडे सरकली. खाली सरकली. पुन्हा त्याच जागी आली. हे म्हणाले, "पुढं काय झालं त्या म्हशीचं?" डॉक्टरांनी बोट वर करून गप्प बसायला सांगितलं.

"लहानपणी कधी सांधे सुजले होते?"

सुजले होते. दहाव्या वर्षी मोहोळला मामाकडे असताना महिनाभर ताप आणि गुडघे टम्म. मामीनं निर्गुडीचा पाला बांधला आणि मुलगा चालायला लागला. तो ताप गेला तो कुठं गेला हे तेव्हा कुणाला माहीत होतं. तो जाऊन हृदयाच्या झडपेवर बसला होता.

हे घरी आले तेव्हा हातात दोन कागद होते. डॉक्टर घाबरले होते, त्यामुळे आधीचा कागद परत घ्यायचं त्यांना सुचलं नव्हतं. एका कागदावर लिहिलं होतं की या गृहस्थांना प्रकृतीसाठी मद्य आवश्यक आहे. दुसऱ्यावर मुंबईच्या मोठ्या इस्पितळाला विनंती की या गृहस्थांच्या हृदयाची झडप अरुंद झालेली दिसते, तपासावं, शस्त्रक्रिया लागेल का पाहावं. खाली माझ्यासाठी सूचना: दगदग नको, मीठ कमी, उन्हात फिरणं बंद, तंबाखू-मद्य वर्ज्य. यांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले. "सही एकच आहे बघ," म्हणाले. मी हसले नाही. तेव्हापासून किती दिवस हसले नाही ते मला सांगता यायचं नाही.

परवाना पंधरा दिवसांत आला. मुंबईचं पत्र येत नव्हतं.

तो चैत्र माझ्या डोळ्यांसमोर तुकड्यातुकड्यांनी येतो. दारावर भिजवून टांगलेलं गोणपाट आणि त्यातून येणारा ओल्या तागाचा वास. गिरणीच्या भोंग्यानंतर यांची सायकल दिसेपर्यंतची वीस मिनिटं. वार्षिक परीक्षेचे गठ्ठे माझ्यासमोर, आणि एकच पेपर मी तीनदा तपासलेला. पाटावर मिठाविना आमटी, शेंगाचटणीची वाटी दूर सरकवलेली, आणि अव्वांचा प्रश्न, "येन आयतु, काय झालं? कुणाचं पथ्य म्हणायचं हे?" त्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. पित्त झालंय म्हटलं होतं.

वाचनाचा मला आयुष्यात पश्चात्ताप झाला नव्हता, तो त्या महिन्यात झाला. वाचनालयात जाऊन मी हृदयावरची पुस्तकं काढली. इंग्रजी जाडजूड पुस्तकात झडपेचं चित्र होतं, दोन पाकळ्या. त्या पाकळ्या कडक होतात, दार नीट उघडत नाही, आतला दाब वाढत जातो. दाब हा शब्द वाचला आणि मी पुस्तक मिटलं. तिथून निघाले ती सरळ भवानी पेठेत गेले, नरसय्याच्या घरी.

बाटली तिथं होती. नरसय्या हातमागावर लुगडी विणायचा. त्याचा लाल रंग धुण्यात उतरायचा तो यांनी दोन रविवार खर्चून पक्का करून दिला होता, तेव्हापासूनचा स्नेह. त्याचा माग जुन्या पद्धतीचा, जमिनीत कमरेएवढा खड्डा आणि विणकर पाय आत सोडून काठावर बसलेला. यांनी बाटलीची अडचण सांगितली तेव्हा नरसय्यानं आपल्या पायाखाली बोट दाखवलं.

"हितं ठेवा की, सायेब. मे म्हैन्यात बी गार असतंय. डोकं तापतंय, पाय गार. आमचं कामच तसलं हाय."

खड्ड्याच्या कोपऱ्यात ओल्या वाळूत बाटली आडवी पुरली होती. नरसय्याची बायको बालमणी सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडायची. मी गेले की ती मागावरून नवऱ्याला उठवायची आणि मी खड्ड्यात वाकून वाळू बाजूला करून काचेला हात लावायची. आजारी मुलाच्या कपाळाला लावावा तसा. गार आहे असं कळलं की घरी परत यायचं. शाळा सुटल्यावर रोज. कधी रविवारी दोनदा.

"अक्का," बालमणी एकदा म्हणाली, "बाटली पळून न्हाय जायाची. पाय न्हाईत तिला."

मी म्हणाले, "फुटली तर तुमच्या मागाचं नुकसान होईल, म्हणून बघते."

ती नवऱ्याकडे बघून तेलुगूत काहीतरी बोलली. नरसय्या धोटा फेकता फेकता हसला. "ती म्हणती, अक्का मागासाठी येत न्हाईत. अक्कांचं तोंडच सांगतंय." त्या दिवसांत मला असं वाटू लागलं होतं की बाटली शाबूत आहे तोवर हे शाबूत आहेत. शाळेत मी मुलींना सांगायची की मांजर आडवं गेल्यानं काही होत नसतं. आणि भर दुपारी डोक्यावर पदर ओढून काच चाचपायला जात होते.

मग मुंबईचं पत्र आलं. वैशाखातली एक तारीख दिली होती.

पत्र वाचून हे पहिल्यांदा काय म्हणाले, तर, "मग येत्या रविवारी उघडू."

"आल्यावर उघडू," मी म्हणाले.

"जायच्या आधी."

"आल्यावर. आणि डॉक्टरांनी नको म्हटलंय ते?"

"एका पेल्यानं काही होत नाही, विचारून आलोय त्याला." डॉक्टरांनी खरंच तसं सांगितलं होतं. माझ्या विरोधातला आधार गेला. उरलं ते बोलता येण्यासारखं नव्हतं. ज्याला आधी प्यायची आहे त्याला आपण परत येऊ असं वाटत नाही, हे माझ्या मनात घट्ट बसलं होतं. आणि पुष्कळ वर्षांनी यांनी मला सांगितलं की, "तू आल्यावर म्हणायचीस तेव्हा मला ते नवस बोलल्यासारखं वाटायचं. काहीतरी राखून ठेवायचं आणि त्या बदल्यात मागायचं." तीन दिवस आम्ही दोघं एकमेकांशी मोजकं बोलत होतो. अव्वांना वाटलं पित्त वाढलं.

यातून वाट काढली ती नरसय्यानं. शनिवारी मी वाळूला हात लावायला गेले तर तो लुगडं मागावरून कापून उतरवत होता. कापताना त्यानं कापड संपेल तिथं कात्री लावली नाही. मागाच्या फणीतून आलेली सुताची टोकं वीतभर तशीच ठेवली. मी विचारलं, हे कशाला?

"पुढचा ताणा, उभं सूत, हेला सांधायचा. नवा ताणा जुन्याला बांधला की माग चालू राहतोय. सगळं कापून मोकळं न्हाय करत आमी कधी. माग मोकळा म्हंजे घर मोकळं." मग म्हणाला, "सायेब सांगत होते तुमचं भांडण. मी काय म्हणतो अक्का, निम्मी आता घ्या, निम्मी ठेवा. सांधायला."

मला ते इतकं पटलं की रडू आलं. घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "चालेल." हे रसायनाचे पदवीधर होते. बूच एकदा निघालं की दाब राहत नाही, वायू उडून जातो, उरलेली वाईन आंबत जाते, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ. ती अर्धी ठेवणं म्हणजे वाया घालवणं. तरी एक अक्षर बोलले नाहीत.

रविवारी दुपारी आम्ही चौघं त्या मागाच्या खोलीत. कौलातून उन्हाचा एक पट्टा सुताच्या टोकांवर पडलेला. यांनी तारेची जाळी सोडली, बुचावर फडकं धरलं आणि हलक्या हातानं पिरगाळलं. मी डोळे मिटून घेतले. आवाज झाला तो शिंक दाबावी तेवढाच. बालमणीनं चहाचे काचेचे पेले पुढं केले. फेस वर आला, बसला, आणि तळापासून बारीक बारीक बुडबुडे ओळीनं वर यायला लागले. हे पेला उजेडात धरून बघत राहिले. कितीतरी वेळ प्यायलेच नाहीत.

नरसय्यानं घोट घेतला आणि तोंडात घोळवला. "सोड्यात शिंदी घातल्यागत लागतंय की. पर लई सभ्य."

बालमणीनं बोट बुडवून जिभेला लावलं. "चिंच," म्हणाली आणि पदरानं बोट पुसलं.

हे प्यायले. कच्च्या द्राक्षाचा आंबटपणा, त्यामागून भिजवलेल्या पावासारखा वास, असं काहीतरी ते सांगत होते. त्यांचा चेहरा मला लख्ख आठवतो. एखादा रंग हवा तसा उतरला की गिरणीतून येताना असायचा तसा. "गिरणीतली माणसं दर रविवारी पितात हे," म्हणाले. "काय थाट आहे." मग माझ्याकडे वळले. "तुला कशी वाटली?"

मी म्हणाले, "तुम्ही आधी खाली बसा बघू. घाम आलाय."

माझा पेला हातात होता. मी प्यायलेही होते. पण मला त्यातलं काही कळलं नव्हतं. माझं सगळं लक्ष त्यांच्या मानेच्या शिरेकडे होतं, ती कशी उडते आहे इकडे. हे बसले. पुन्हा विचारलं नाही. नरसय्यानं बाटलीच्या तोंडाला मेणात भिजवलेली चिंधी लावली, वरून सूत गुंडाळून गाठ मारली आणि निम्मी बाटली, या वेळी उभी, वाळूत ठेवली.

मुंबईला दहा दिवस होतो. तपासण्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की झडप अरुंद आहे, पण फार नाही. शस्त्रक्रिया आज नको, कदाचित कधीच लागणार नाही. तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, गोळ्या, दर वर्षी येऊन दाखवायचं. आणि उन्हाळ्यात जपायचं. हे ऐकताना मी मान हलवत होते, आणि मला त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं नीट ऐकू आलं.

परतल्यावर ज्येष्ठातल्या एका दुपारी नरसय्यानं गाठ सोडली. बुडबुडा एक नव्हता. रंग उतरलेला, वास सिरक्याचा. यांनी चव घेऊन तोंड वाकडं केलं. "गेली," म्हणाले. मी माझा पेला घेतला आणि तो पूर्ण प्यायले. आंबट, निवलेलं, निर्जीव पाणी. मला ते आवडलं. खोटं नाही, इतकं चवदार मी काही प्यायले नव्हते. मी आणखी मागितली.

"अगं, ही खराब झाली आहे."

"असू दे."

"चांगली होती तेव्हा तोंड वाकडं करून बसलीस."

बालमणी म्हणाली, "सायेब, अक्कांना चिंच लई आवडती." सगळे हसले. मीही हसले, त्या वर्षातलं पहिलं.

पुढं पुष्कळ वर्षांनी पुण्याच्या दुकानांत ती स्पॅनिश वाईन मिळू लागली. आमची मुलगी पुण्याला दिली होती, तिच्याकडे गेलो की हे दुकानात जाऊन विचारायचे, "नावाची नको. रीत तीच आणि खिशाला झेपेल अशी द्या." दुकानदार स्पेनचीच काढून द्यायचा. वर्षाची तपासणी ठीक निघाली की एक बाटली. हे मनापासून प्यायचे, दोनच पेले. मी समोर बसून त्यांच्या मानेकडे बघायची.

चाळीसहून अधिक उन्हाळे मी असे राखले. फाल्गुन सरला की माझी झोप पातळ व्हायची. दुपारी जेवून हे पलीकडच्या खोलीत पडायचे आणि मी अलीकडे पुस्तक उघडून बसायची. बांगड्या वाजतील म्हणून पान उलटायची नाही. श्वासाची लय ऐकत राहायची. रोहिणी निघाल्या, मृगाचे ढग आले की मी सुटायची. मग आठ महिने मला काही वाटायचं नाही. थंडीत तर नाहीच. थंडी म्हणजे आमच्या घरात सुट्टी.

हे गेले कार्तिकात. सकाळी अकराला, चांगली गार हवा असताना. निवृत्तिवेतनासाठी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायला मी बँकेत गेले होते. हे म्हणाले होते, "आज तू जाऊन ये, गर्दी असते. मी उद्या जातो." मी रांगेत दीड तास उभी होते आणि त्या दीड तासात मला एकदाही त्यांची आठवण झाली नाही. सही केली, अंगठा लावला, वाटेत मेथी घेतली. हे खुर्चीत बसल्या जागी गेले होते, मांडीवर वर्तमानपत्र. डॉक्टर, आता आमच्या त्या डॉक्टरांचा मुलगा, म्हणाला, हृदय थांबलं. मी विचारलं, ती झडप? तो म्हणाला, "काकू, ऐंशी वर्षांचं हृदय होतं. झडपेनं पुष्कळ साथ दिली."

परवा बालमणी आली होती. नरसय्या जाऊन बारा वर्षं झाली, मागाची खोली आता भाड्यानं दिली आहे, तिथं मोबाइलचं दुकान आहे. ती भिंत धरत धरत आली, पाणी प्यायली, आणि उन्हाकडे बघत बसली. मी घड्याळाकडे पाहिलं तेव्हा तिनं ओळखलं.

"अजून जाग्या राहताव व्हय, अक्का, दुपारी?"

"सवय आहे."

"आता कशापायी? झोपा की वाईच. आता कुणाचं काय व्हायचं राह्यलंय?" ती हे सहज बोलली. त्यात दुखवण्यासारखं काही नव्हतं. तिचंही तसंच आहे.

ती गेल्यावर मी दार लावलं आणि खरंच आडवी झाले. पंखा मंद केला. ऊन पत्र्यावर कडकडत होतं. या उन्हाळ्यात मला कुणाला जपायचं नाही, ही गोष्ट मी स्वतःला नीट, सावकाश समजावून सांगितली. पटलीही. डोळे मिटले. मग कूस बदलायची होती, तेव्हा आवाज होऊ नये म्हणून मी दुसऱ्या हातानं बांगड्या धरून ठेवल्या.